पहिली फेरी

विमान उडालं तर मामांना काय काय मिळणार, याची यादी त्यांनी कधी कागदावर केली नव्हती, पण ती त्यांना तोंडपाठ होती. सगळ्यात वर नोकरीची आणखी तीन वर्षं. साठी उलटलेल्या माणसाला कारखान्यात ठेवून घ्यायचं तर वरच्यांना कारण दाखवावं लागतं, आणि मोठ्या साहेबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "मामा, तुमचं ते तोंड हवेत नीट चाललं, की मी सही करतो." सही झाली की मुलाच्या घरी राहायला जाण्याचं संकट आपोआप टळत होतं. मुलाचं घर चांगलं होतं, सून त्याहून चांगली. पण तिथे मामा-मामींसाठी राखलेल्या खोलीत कपडे धुण्याचं मशीन आधीपासून मुक्कामाला होतं, आणि त्या खोलीत मान कुणाचा मोठा, हे अजून ठरायचं होतं. शिवाय भाची विभागप्रमुख होणार होती. ही बाब मामा यादीत अगदी शेवटी धरत. सगळ्यात मोठी नोट माणूस घडी घालून सगळ्यात आतल्या खिशात ठेवतो, तसं होतं ते.

तोंड म्हणजे विमानाच्या इंजिनाचं. पंखाखाली लटकणाऱ्या इंजिनाच्या पुढे जी गोल कडा असते, तिच्यातून हवा आत जाते. विमान जमिनीवरून उठतं तेव्हा त्याचा वेग कमी असतो, पण इंजिन मात्र हपापल्यासारखं हवा ओढत असतं. अशा वेळी ही कडा जाड, गुबगुबीत असावी लागते, म्हणजे हवा तिच्यावरून वळून अलगद आत शिरते. उंचावर, वेगात, तीच जाड कडा वाऱ्याला आडवी येते आणि फुकटचं इंधन जाळते. तिथे ती पातळ हवी. आजवर सगळ्यांनी ना जाड ना पातळ अशी कडा करून दोन्हीकडे थोडं थोडं नुकसान सोसलं होतं. मामांच्या भाचीने ठरवलं की सोसायचं नाही, कडाच आकार बदलेल अशी करायची.

तिच्या आराखड्यात कडेला रबर आणि विणलेल्या धाग्यांची लवचीक कातडी होती आणि कातडीच्या आत एका खास मिश्रधातूच्या तारा. ही तार गार असली की मुकाट पडून राहते. वीज सोडून तापवली की तिला शिकवलेला आकार आठवतो, ती आखडते, आणि कातडी फुगून पातळ कडा जाड होते. कारखान्यात तिला 'आठवणीची तार' म्हणत. "आमच्याकडे पण आहे एक," कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, "तापली की लग्नापासूनचं सगळं आठवतं." त्याने कुणाचं नाव घेतलं नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत ते त्याच्या घरी पोचलं होतं.

आराखडा भाचीचा, पण कातडी बसवली मामांनी. तीन आठवडे, थरावर थर. बाकीच्यांना हातमोजे घातल्याशिवाय त्या कडेला शिवायची परवानगी नव्हती; मामा उघड्या बोटांनी चाचपत, कारण डोळ्याला न दिसणारी सुरकुती त्यांच्या बोटाला लागत असे. हे बोट कारखान्याच्या कुठल्याही यादीत नव्हतं, पण ते नसतं तर कडा नसती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. भाची तिथे रुजू झाली आणि पहिल्याच दिवशी तिने सवयीने, चारचौघांत, "अरे मामा!" अशी हाक मारली, तेव्हापासून ते अख्ख्या कारखान्याचे मामा झाले. त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले मोठे साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणत.

उड्डाणाला तीन दिवस होते. चाचण्या घेणारा वैमानिक, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, कडा बघायला वाऱ्याच्या बोगद्याच्या दालनात आला, जिथे जोराचा वारा सोडून रोज तिच्या चाचण्या होत. हाडकुळा, सरळ, कुठल्याही यंत्राकडे वरासाठी वधू पाहायला आल्यासारखा बघणारा माणूस. त्याने कडेभोवती दोनदा चक्कर मारली.

"काय मामा, तुमचं हे बाळ सकाळी किती वाजता उठतं?"

"मी उठवतो तेव्हा," मामा म्हणाले. सगळे हसले. मामाही हसले.

"थट्टा नको, माझ्याकडे आकडा आहे," भाची म्हणाली. ती कामावर असली की तिचा आवाज एक पट्टी वर जाई. "वीज सोडल्यापासून फुगायला चार सेकंद. उन्हाळा असो की थंडी, चारच. चौदा महिने आम्ही रोजची पहिली फेरी मोजतोय. रात्रभर दालनात गार पडलेली कडा, कुणाचा हात न लागलेली. बाकीच्या फेऱ्यांना कडा तापलेलीच असते, त्यांचं मला कौतुक नाही. खरी परीक्षा पहिल्या फेरीची."

"बरोबर," कॅप्टन म्हणाला. "वरून मी उतरतो तेव्हा ही बर्फासारखी झालेली असणार. तेवढ्यात समोर धावपट्टीवर काही आडवं आलं आणि मला पुन्हा वर जायला जोर लावावा लागला, की हिने लगेच फुगायला हवं."

"सहाच्या आत फुगली की पुरे. नाहीतर हवा अडखळून इंजिनाला ठसका लागतो," भाची म्हणाली.

"आणि जमिनीजवळ ठसका लागला, तर खोकायला वेळ मिळत नाही, बाई," कॅप्टन म्हणाला. तो हसत होता, पण डोळे कडेवर होते.

मामांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. हात मात्र पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले, जणू कुणी ते तपासायला मागणार होतं.

झालं होतं ते असं. मामा ज्या कामात वाढले त्यात पहिली फेरी कुणी मोजत नसे. लेथवर सकाळी निघणारा पहिला नग भंगारात जातो. तो मशीनचा हात मोकळा करण्यापुरता असतो. पहिला नग मोजणारा कारागीर मामांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. म्हणून चाचण्यांच्या अकराव्या दिवशी सकाळच्या पहिल्या फेरीला कातडी चर्रकन वाजली आणि खालच्या बाजूचा सांधा तीन बोटं उसवला, तेव्हा मामांनी तो सांधला आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या परीने बंदोबस्त केला. सकाळी सातला ते येत. आठला भिंतीवरची हीटगन काढत, गोंद वाळवायला गरम हवा फेकणारं ते पिस्तूल. पंधरा मिनिटं कडेवरून हळूहळू फिरवत, आणि वर धुळीसाठीचं जाड आच्छादन ओढून ठेवत. थंडीत लेकराला उठवण्याआधी पांघरुणातच त्याचे तळवे चोळावेत, तसं. साडेआठला बाकीची मंडळी येत, आच्छादन काढत, आणि कडा न कुरकुरता फुगे. तापमान टिपणाऱ्या टिकल्या मागच्या पोलादी सांगाड्यावर होत्या. तिथवर मामांची ऊब पोचत नसे. हातमोज्यांतून ती कुणाला लागत नसे.

यात लपवाछपवी नव्हती. कुणी विचारलं असतं तर मामांनी अभिमानाने सांगितलं असतं. पण कामावर वेळेआधी येणाऱ्या माणसाला, तो का येतो, हे कुणी विचारत नाही. फक्त त्याचं कौतुक करतात. 'पहिल्या फेरीपूर्वी कडेला कोणतीही ऊब देऊ नये' असं चाचणीच्या वहीत लिहिलं होतं, आणि त्या पानाखाली मामांची सही होती. सही करण्याआधी वाचायचं असतं, हे त्यांना माहीत होतं. पण भाचीने लिहिलेलं काय वाचायचं!

संध्याकाळी त्यांनी मामींना सगळं सांगितलं. मामी कांदे सोलत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

"हे तुम्हाला सोडून आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग अजून काही झालेलं नाही म्हणायचं." दोन कांदे सोलून झाले. "ती गरम केली नाही, तर किती वेळ घेईल?"

"काय सांगावं. पाच घेईल. सात घेईल. सुरुवातीला नऊ-दहा घेत होती, पण तेव्हा नवी होती."

"पाचाला चालतं?"

"चालतं."

"मग पाच धरा ना." मामी हे म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा स्वर दुकानदाराने खोटं वजन टाकावं आणि स्वतःच नजर वळवावी, तसा होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या कॅप्टनच्या घरी कोण कोण आहे हो?"

"मला काय माहीत?"

"मग विचारायला जाऊ नका. कळलं तर जेवण जायचं नाही."

मामींनी कांदे चिरायला घेतले आणि चिरताचिरता, वर न बघता, म्हणाल्या, "मुलाकडचं ते मशीन फार खडखडतं का? की दार लावलं की चालण्यासारखं आहे?"

मामांना उत्तर मिळालं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने हो किंवा नाही असं सरळ कधी सांगितलं नव्हतं, आणि तिचं म्हणणं कळलं नाही असंही कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामा सातला आले. दालन गार होतं, तोंडातून वाफ निघत होती. आठ वाजले. हीटगन खिळ्यावरच राहिली. त्या अर्ध्या तासात ते तीनदा उठले आणि तीनदा बसले. कडेवर आच्छादन होतं, पण त्याखाली ऊब नव्हती, आणि मामांना ते आपणच कुणाला तरी उपाशी ठेवल्यासारखं वाटत होतं.

भाची आली ती घाईत. कडा आज खोक्यात भरून विमानाकडे जायची होती.

"ठकू," मामा म्हणाले. हे तिचं लहानपणचं नाव. कारखान्यात ते कधी वापरत नसत. "आजची पहिली फेरी घे."

"मामा, चाचण्या संपल्या. आज पॅकिंग आहे."

"घे गं एकदा."

"अरे पण कशाला?"

"आज मी हिला हात लावलेला नाही."

भाचीने पिशवी टेबलावर ठेवली. वाक्य साधं होतं. त्यातला 'आज' तिला जरा उशिराने टोचला. तिने मामांकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या भिंतीवर, हीटगनकडे.

"रोज?"

"रोज. पहिले अकरा दिवस सोडून."

तिने दार आतून लावलं. मामांना वाटलं आता ही ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली.

"वहीत लिहिलं होतं, मामा. तू सही केलीस."

"तू लिहिलंस म्हणून वाचलं नाही."

"पहिले अकरा दिवस," ती म्हणाली. ती आता मामांशी बोलत नव्हती. "नऊ, दहा, साडेदहा. आणि बाराव्या दिवशी एकदम चार. माहितीये मी काय लिहिलं? 'तार आता शिकली.' पाच पानं लिहिली त्याच्यावर. वाचून दाखवली लोकांना. टाळ्या पडल्या." ती हसली, पण ते हसू ओठांपुढे गेलं नाही. "उन्हाळ्यात चार आणि थंडीतही चार. कुठली तार असं करते? शेंबड्या पोराला संशय आला असता. पण आकडा वाईट आला की आपण चूक शोधतो, मामा, आणि चांगला आला की कारण. मी कारण शोधलं. तू गरम करत होतास आणि मी त्याला शास्त्र म्हणत होते."

"मग आता घे फेरी."

तिने वीज सोडली. दोघं कडेसमोर उभे राहिले. ती घड्याळाकडे बघत होती, मामा कातडीकडे. चार झाले तेव्हा कडा जेमतेम हलली होती. सहा झाले. मामांच्या ओळखीचा तो आवाज आला, चर्र, खालच्या बाजूने, आणि त्यांनी डोळे मिटले. अकराव्या सेकंदाला कडा पूर्ण फुगली, गुबगुबीत, देखणी, जणू काही झालंच नाही.

दार लावलेलं होतं. बाहेर अजून कुणी आलं नव्हतं. घड्याळातला आकडा एका बटणाने पुसला जात होता. दोघंही काही बोलले नाहीत, आणि त्या न बोलण्याची किंमत दोघांनाही नेमकी ठाऊक होती: एका बाजूला तीन वर्षं आणि विभागप्रमुखाची खोली, दुसऱ्या बाजूला ज्याच्या घरी कोण कोण आहे हे विचारायचं नव्हतं असा एक हाडकुळा माणूस.

"उड्डाणाआधी जमिनीवर तापवून देता येईल," भाची हळूच म्हणाली. "कार्यपद्धतीत तशी ओळ घालता येईल."

"आणि वरून येताना कोण तापवणार? मी हीटगन घेऊन पंखाला लटकू?"

ती खळखळून हसली. मामाही हसले. हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते बाहीने पुसलं, आणि फोन उचलून मोठ्या साहेबांचा नंबर लावला. मामांनी तिला अडवलं नाही. अडवावंसं वाटलं होतं, ते एवढ्यासाठी की फोन आपण करायला हवा होता.

उड्डाण रद्द झालं. विमान रिकामं ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं, तेव्हा ते पलीकडच्या विभागाला मिळालं. ते लोक कडेला साध्या बिजागऱ्यांच्या झडपा लावत होते. झडपा दणकट होत्या, जड होत्या आणि दिसायला एखाद्या कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या होत्या, पण त्या थंडीतही उघडत. कॅप्टन चिडला. त्याने कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की बाईंनी ऐन वेळी कच खाल्ली, त्याला विचारलं असतं तर त्याने ते तोंड उडवून दाखवलं असतं. मामा शेजारच्या टेबलावर चहा पीत होते. त्या धडधाकट, तावातावाने बोलणाऱ्या माणसाकडे त्यांनी असं काही टक लावून पाहिलं, की तो बोलता बोलता थांबला आणि म्हणाला, "काय मामा, चेहऱ्याला काही लागलंय का माझ्या?"

"नाही," मामा म्हणाले. "बोला तुम्ही. ऐकायला बरं वाटतंय."

चौकशी तीन जणांनी केली. त्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. काय सांगायचं ते त्यांनी मामींसमोर दोनदा म्हणून घेतलं होतं. मामींनी त्यातलं रडकं वाक्य काढायला लावलं होतं. बाहेरच्या बाकावर ते सकाळपासून बसले. आत भाची गेली, मोठे साहेब गेले, आकडे टिपणारी मुलगी गेली. दुपारी दार उघडून भाची बाहेर आली आणि मामांच्या शेजारी बसली.

"मला बोलावलं नाही?"

"गरज पडली नाही."

"म्हणजे? सांगितलंस काय तू?"

"खरं तेच. पहिली फेरी गार नव्हती, आणि ती गार आहे की नाही हे पाहणं माझं काम होतं."

"आणि गरम कशाने झाली, हे नाही विचारलं कुणी?"

"दालनात हीटगन वापरात होती, एवढं लिहिलंय. कुणी वापरली, हे लिहिलं नाही. त्यांना एक नाव हवं होतं, मामा. मी दिलं. एक मिळालं की दुसरं कुणी मागत नाही."

आठवड्याने अहवालाची प्रत आली. मामांनी ती या वेळी शब्द न् शब्द वाचली. शेवटच्या पानावर या कामात हातभार लावणाऱ्यांची नावं होती, अठरा. बोगद्याच्या पंख्याला तेलपाणी करणारा त्यात होता, कॅमेरे लावणारा होता, खोकी करून देणारा सुतारही होता. कडेच्या कातडीपुढे इतकंच होतं: 'कार्यशाळेत बसवण्यात आली.' मामांनी पान उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

ते प्रत घेऊन भाचीकडे गेले. ती टेबलाचा खण रिकामा करत होती.

"ठकू, सुतार आहे यात."

तिने वर पाहिलं नाही. "तुझं नाव घातलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, हा माणूस रोज सातला येऊन करत काय होता. निवृत्तीला तीन महिने राहिलेत तुझ्या. कागद अडकवले असते त्यांनी, वर्षानुवर्षं."

"अडकले असते तर अडकले असते. चूक माझी होती ना?"

"होती."

"मग?"

"मग काय, मामा!" आता तिने वर पाहिलं. "अहवालातून तुझी चूक काढायची तर तुलाच काढावं लागत होतं. अर्धा मामा कसा ठेवणार मी?"

मामांनी प्रत घडी करून तिच्याच खणात ठेवली, आणि ती खोकं भरत होती त्याला चिकटपट्टी लावून दिली, सुरकुती न पडू देता.

आता गोळाबेरीज. मोठ्या साहेबांचं काहीच गेलं नाही. त्यांची सही व्हायचीच होती, ती दुसऱ्या कुठल्या तरी कागदावर झाली. झडपवाल्यांना आयतं विमान मिळालं. कॅप्टनला भरलेली बॅग पुन्हा उपसावी लागली, आणि घरी जो कोणी होता त्याच्यावर तो दोन दिवस करवादला असेल, एवढंच. मामींना मशीनच्या खोलीत पलंग कुठे बसेल याची मापं घ्यावी लागली. भाचीला विभागप्रमुखाची खोली मिळाली नाही. तिला दुसऱ्या मजल्यावर, इतरांच्या चाचणी-वह्या तपासायच्या कामावर बसवलं, आणि तिथे ती बसली ते कुणाच्याही विरुद्ध एक अक्षर न काढता. चूक मामांच्या हाताची, ती भरली भाचीने. मामांचीही तीन वर्षं गेली, पण ती तर मिळायची होती, मिळाली नाहीत. त्यांना ते देणं म्हणवत नव्हतं. त्यांनी खरोखर जे दिलं ते एकच. ती कडा एका हाताने घडली होती, आणि तो हात कुणाचा, हे आता कुठेच लिहिलेलं नाही.